डॉलरच्या अलीकडची अक्षरं

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एक टेस्टिंगच्या सर्व्हरची, म्हणजे जिथे आम्ही हवी ती मोडतोड करायची. दुसरी प्रोडक्शनची, म्हणजे जिथे खऱ्या ग्राहकांचा खरा डेटा असतो. टेस्टिंगवरचं एक फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड टाइप केली, एंटर मारला आणि गार झालेला चहा संपवायला कप उचलला. कप खाली ठेवेपर्यंत फोन वाजायला लागला.

फोल्डर रिकामं झालं होतं. फक्त दुसऱ्या खिडकीतलं.

शेवटचा बॅकअप दुपारी दोनचा होता. त्यानंतर लोकांनी चढवलेले फोटो गेले ते गेलेच. पहाटे तीनपर्यंत माझ्यासोबत जागलेले आमचे एक सीनियर आहेत, सगळी टीम त्यांना दादा म्हणते. ते रागावले नाहीत. सगळं मार्गी लागल्यावर एवढंच म्हणाले, “अगं, तुझा प्रॉम्प्ट दाखव बघू.”

मी दाखवला. दोन्ही खिडक्यांत तेच: हिरवा बाण, फोल्डरचं नाव आणि विजेचं छोटंसं चिन्ह. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून जपलेली ही सजावट मी ऑफिसच्या प्रत्येक सर्व्हरवर, माझ्या खात्यात, हौसेने कॉपी केली होती.

“छान दिसतंय,” दादा म्हणाले. “पण यात आपण कोणत्या मशीनवर आहोत ते कुठंय?”

ते कुठेच नव्हतं. मीच काढून टाकलं होतं, जागा वाचावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी प्रॉम्प्ट बदलला. आणि मग पुढचे काही आठवडे, जमेल तेव्हा, ही ओळ मुळात आली कुठून ते वाचत बसले. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या ओळीत जी जी अक्षरं आज आपण गृहीत धरतो, त्यांतलं बहुतेक प्रत्येक अक्षर माणसाचा कुठेतरी घोळ व्हायला लागल्यावर तिथे आलेलं आहे.

विंगेतला माणूस

‘प्रॉम्प्ट’ हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक झालाय, पण उलट्या अर्थाने. चॅटजीपीटीला आपण जे लिहितो त्याला आपण प्रॉम्प्ट म्हणतो. म्हणजे माणसाने यंत्राला दिलेली सूचना. त्याआधीची कितीतरी दशकं हा शब्द यंत्राकडून माणसाकडे येत होता. नाटकात असतो तसा. एकांकिकेच्या तालमीत विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आठवा. नट वाक्य विसरला की तो हळूच पुढचा शब्द सांगतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, पण तो नसला तर प्रयोग अडतो.

टर्मिनलमधला प्रॉम्प्ट हेच काम करतो. फोनवर आपण ॲपच्या चिन्हावर बोट ठेवतो. टर्मिनलमध्ये चिन्हं नसतात, फक्त लिहायचं असतं. तुम्ही लिहिलेली कमांड वाचून ती कॉम्प्युटरकडून करून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. आणि “बोला, ऐकतोय” हे सांगायला शेल जी ओळ छापतो तो प्रॉम्प्ट. देवनागरीत लिहायचं तर साधारण असा:

मी@लॅपटॉप:~$

खातं कुणाचं, मशीन कोणतं, फोल्डर कोणतं आणि शेवटी एक डॉलर. डॉलरच्या पलीकडे माणसाने लिहायचं, अलीकडचं सगळं यंत्राचं.

आर म्हणजे रेडी

सुरुवातीला यात यातलं काहीही नव्हतं. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही व्यवस्था चालवून दाखवली. एकच महागडा कॉम्प्युटर, पण तो एकाच वेळी अनेकांनी वापरायचा. प्रत्येकाला यंत्र आपल्या वाट्याचा वेळ थोडा थोडा देणार. आता अडचण अशी, की कमांड दिल्यावर यंत्र तुमच्या कामात आहे की दुसऱ्याच्या, काम संपलं की अडकलं, हे बसल्या जागी कळायचं कसं? म्हणून सीटीएसएस कमांड घेताना ‘डब्ल्यू’ छापत असे, म्हणजे वेट, थांबा. काम संपलं की ‘आर’, म्हणजे रेडी. आरच्या पुढे त्या कामाला किती सेकंद लागले तेही असे.

कोर्बातोंच्या पुढच्या प्रकल्पात, मल्टिक्समध्ये, हा आर टिकला. त्याच्यापुढे घड्याळातली वेळ आणि खर्च झालेला यंत्राचा वेळ येई. कॉम्प्युटरचा वेळ सोन्याच्या भावाने मोजला जाई, त्या काळातला हा प्रॉम्प्ट. रिक्षाच्या मीटरसारखा तो दर वेळी भाडं दाखवत होता.

सीटीएसएसवर काम करणाऱ्या लुई पूझँ या फ्रेंच इंजिनिअरची दोन देणी आजही माझ्या लॅपटॉपवर आहेत. एक म्हणजे ‘शेल’ हा शब्द, तो त्यांनी मल्टिक्सच्या वेळी दिला. दुसरं देणं म्हणजे ‘रनकॉम’, कमांडची यादी फाइलमध्ये लिहून ठेवून ती एका दमात चालवायची सोय. शेलच्या सेटिंगच्या फाइलीच्या नावाशेवटी ‘आरसी’ ही दोन अक्षरं का असतात, हे मला इंजिनिअरिंगची चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ती या रनकॉमची आद्याक्षरं. आज आपण प्रॉम्प्ट बदलतो तो याच फाइलीत.

कागदावरची काटकसर

१९६९ मध्ये बेल लॅब्ज मल्टिक्समधून बाहेर पडली. त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या मशीनवर एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला हात घातला. डेनिस रिची सोबत होते. ती सिस्टिम म्हणजे युनिक्स. आजचे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही तिच्याच घराण्यातले.

युनिक्सचा प्रॉम्प्ट मल्टिक्सच्या मानाने अगदीच अबोल होता. थॉम्पसन यांच्या शेलमध्ये तो होता एक टक्क्याचं चिन्ह आणि एक मोकळी जागा. बस. याचं कारण समजायला तेव्हाचं ‘टर्मिनल’ डोळ्यांसमोर आणावं लागतं. त्याला पडदाच नव्हता. टेलिटाइप मॉडेल ३३ सारखं, टाइपरायटरसारखं खडखडणारं यंत्र, कागदाच्या रोलवर छापणारं. वेग सेकंदाला १० अक्षरं. आज माझ्या काही मित्रांचा प्रॉम्प्ट ४० अक्षरांचा असतो. तो टेलिटाइपवर छापायला ४ सेकंद लागले असते. दिवसाला १०० कमांड दिल्या तर नुसता प्रॉम्प्ट उमटताना बघण्यात पावणेसात मिनिटं गेली असती, कागद गेला असता तो वेगळाच.

पण इतक्या काटकसरीतही थॉम्पसन यांच्या शेलने एक फरक केला होता. वापरणारा साधा असेल तर टक्का, आणि सुपरयूझर असेल, म्हणजे ज्याला यंत्रावर काहीही करायची मुभा आहे असा, तर टक्क्याऐवजी हॅश. माझ्या मते प्रॉम्प्टच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर हेच. ‘मी तयार आहे’ एवढंच न सांगता, ‘आता तुझ्या हातात काय आहे याचं भान ठेव’ असं ते सांगत होतं.

हा हॅश आजही जिवंत आहे. लिनक्सवर सुपरयूझर झालात की डॉलरच्या जागी हॅश येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या स्वतःच्या प्रॉम्प्टमध्येसुद्धा साध्या वापरकर्त्याला ‘>’ आणि सुपरयूझरला ‘#’ दिसतो. पन्नास वर्षांत शेल बदलले, यंत्रं बदलली, पण धोक्याची ही खूण कुणी बदलली नाही.

१९७९: प्रॉम्प्ट तुमचा झाला

थॉम्पसन यांच्या शेलमधला टक्का प्रोग्रॅमच्या आतच लिहिलेला होता. तो बदलायचा तर शेलच बदलावा लागे. १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत स्टीव्ह बोर्न यांचा नवा शेल. त्यात प्रॉम्प्टला एक नाव मिळालं: पीएस१, म्हणजे प्रॉम्प्ट स्ट्रिंग क्रमांक एक. सोबत पीएस२ होता. कमांड अर्धवट राहिली तर ‘पुढे लिहा’ म्हणून तो ‘>’ दाखवी. पीएस१ मध्ये सुरुवातीला डॉलर असे, पण आता ते नुसतं एक व्हेरिएबल होतं. त्यात काहीही ठेवा, शेल तेच छापणार. लिनक्सवर आजही प्रॉम्प्ट बदलायचा म्हणजे हाच पीएस१ बदलायचा.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी स्वतःचा सी-शेल लिहीत होता. त्याने टक्का ठेवला, पण शेलला स्मरणशक्ती दिली. आधी दिलेल्या कमांड आता क्रमांकाने परत बोलावता येत होत्या. पण त्यासाठी क्रमांक माहीत हवा. म्हणून सी-शेलच्या प्रॉम्प्टमध्ये उद्गारचिन्ह लिहिलं की त्या जागी कमांडचा क्रमांक छापला जाई. प्रॉम्प्टमध्ये दर ओळीला बदलणारी माहिती आली. साचा माणसाचा, आकडा यंत्राचा.

प्रॉम्प्टमध्ये घरच्या फोल्डरसाठी दिसणारी ती नागमोडी ‘~’ सुद्धा सी-शेलने रूढ केली. जॉय तेव्हा एडीएम-३ए हे पडदा असलेलं टर्मिनल वापरत होता. त्या कीबोर्डवर एका बटणावर दोन गोष्टी छापलेल्या होत्या: ‘होम’ हा शब्द आणि ‘~’ हे चिन्ह. टर्मिनलमध्ये घराची खूण अशी का, याचं उत्तर त्या एका बटणावर आहे.

मी कुठे आहे?

माझ्या बाबांनी नव्वदच्या दशकात डॉसचा क्लास केला होता. आजही कॉम्प्युटर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते ‘सी कोलन’. त्याची गोष्टही घोळापासूनच सुरू होते.

पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हते. डिस्क एवढीशी, तिच्यावर फाइली मोजक्या. त्यामुळे ‘ए>’ एवढा प्रॉम्प्ट पुरे. ए म्हणजे पहिला फ्लॉपी ड्राइव्ह. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिने फोल्डरच्या आत फोल्डर ठेवायची सोय दिली. हार्ड डिस्कही येत होत्या. आता ‘सी>’ एवढ्याने काहीच कळेना, कारण सीच्या पोटात पन्नास जागा. फाइली पुसायची कमांड द्यायची, आणि आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत हेच माहीत नाही!

म्हणून त्याच आवृत्तीत ‘प्रॉम्प्ट’ नावाचीच कमांड आली. तिला ‘$पी$जी’ सांगितलं की चालू फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि पुढे ‘>’ दिसायचं. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत लोक ही ओळ टाकून ठेवू लागले.

पण हे फुकट नव्हतं. पत्ता दाखवायचा तर प्रॉम्प्ट छापताना दर वेळी ड्राइव्हकडे बघावं लागे. हार्ड डिस्क असेल तर ठीक. फ्लॉपीवर मात्र प्रत्येक कमांडनंतर ड्राइव्ह घरघरायचा, आणि फ्लॉपी काढून घेतलेली असेल तर प्रॉम्प्टऐवजी ड्राइव्ह तयार नसल्याची तक्रार पडद्यावर यायची. प्रॉम्प्टने जास्त सांगावं अशी अपेक्षा केली की त्याला जास्त विचारपूस करावी लागते. हे दुखणं पुढे परत भेटणार आहे.

आणि कोणत्या मशीनवर?

फोल्डरचा घोळ एका मशीनच्या आतला. मग मशीनं एकमेकांना जोडली गेली आणि एका टर्मिनलवर बसून दुसऱ्या मशीनवर काम करता यायला लागलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात, नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आज जगभरातल्या सर्व्हरवर लोक जातात ते बहुतेक याच वाटेने. वाट सुरक्षित झाली, पण एक गोष्ट फार सोपी झाली: आपण नेमके कुठे बसलोय ते विसरणं. टर्मिनलची खिडकी तीच, अक्षरं तीच, कीबोर्ड तोच. पलीकडचं मशीन मात्र शेजारच्या खोलीत असेल नाहीतर दुसऱ्या खंडात.

लिनक्सवर ज्याची आपल्याला सवय आहे तो बॅश १९८९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी तो लिहिला. नव्वदच्या दशकापासून चेट रेमी त्याची निगा राखत आहेत. बॅशमध्ये प्रॉम्प्टसाठी छोट्या खुणांचा अख्खा संच आहे. उलटी तिरकी रेघ आणि यू लिहिलं की खात्याचं नाव, एच लिहिलं की मशीनचं, डब्ल्यू लिहिलं की फोल्डरचं. आणि तिरकी रेघ देऊन डॉलर लिहिला की साध्या माणसाला डॉलर, सुपरयूझरला हॅश. थॉम्पसन यांचा नियम इथेही पोचला.

आता यातल्या एचमध्ये एक बारीक खोच आहे. तो मशीनचं नाव पहिल्या टिंबापर्यंतच दाखवतो. मोठ्या कंपन्यांत मशीनचं पूर्ण नाव लांबलचक असतं: डीबी१, टिंब, स्टेजिंग, टिंब, कंपनीचं नाव. एच फक्त ‘डीबी१’ दाखवणार. प्रोडक्शनवरही एक डीबी१ असेल तर दोन्ही खिडक्यांत अक्षर न् अक्षर तोच प्रॉम्प्ट. पूर्ण नाव हवं असेल तर मोठ्या लिपीतला एच लिहावा लागतो. एका कॅपिटल अक्षराचा फरक.

रंग, आणि न दिसणारी अक्षरं

प्रॉम्प्ट रंगवायची युक्ती पडदे आल्यावरची. १९७८ मध्ये डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं. त्याला कर्सर कुठे न्यायचा, अक्षर ठळक कधी करायचं, हे सांगायला खास अक्षरमाला पाठवायच्या. त्या नेहमी एस्केप या अक्षराने सुरू होत. त्याचा क्रमांक २७, अष्टमान पद्धतीत ०३३. व्हीटी१०० स्वतः एकरंगी होतं, पण हीच भाषा प्रमाण ठरली आणि तिच्यात रंगांचेही आकडे आले. लाल ३१, हिरवा ३२. म्हणून आजही प्रॉम्प्ट लाल करायचा तर फाइलीत ०३३ आणि ३१ लिहावे लागतात, नसलेल्या टर्मिनलशी बोलल्यासारखे.

गंमत अशी की ही अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, पण शेल ती मोजतो. ओळ कुठे वळवायची हे ठरवायला त्याला प्रॉम्प्टची रुंदी लागते. न दिसणाऱ्या अक्षरांना खास कंसात घालून ‘ही मोजू नकोस’ असं सांगितलं नाही, तर लांब कमांड लिहिताना ओळ मधेच वळते आणि स्वतःच्याच डोक्यावर छापली जाते. प्रॉम्प्ट पहिल्यांदा रंगवणारा जवळपास प्रत्येक जण या खड्ड्यात पडतो. मीही पडले.

याच खड्ड्याची मराठी आवृत्तीही मी अनुभवली. एकदा हौसेने प्रॉम्प्टमध्ये ‘प्रोडक्शन’ हा शब्द देवनागरीत घातला. टर्मिनल हा चौकटींचा कागद असतो, एका चौकटीत एक अक्षर. ‘प्रो’ किंवा ‘क्श’ला किती चौकटी द्यायच्या यावर शेलचं आणि टर्मिनलचं एकमत होईना. एकाच्या मते शब्द अमुक रुंद, दुसऱ्याच्या मते तमुक. कर्सर लिहिलेल्या अक्षरापासून दोन घरं लांब उभा. ज्या ओळीकडे बघून माणसाने चुका टाळायच्या तीच अशी हलायला लागली तर उपयोग नाही, म्हणून तो शब्द काढला. वाईट वाटलं.

फांद्या आणि थीम

२००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं आणि घोळाची एक नवी जागा तयार झाली. गिटमध्ये एकाच फोल्डरच्या अनेक ‘ब्रँच’ असतात, फांद्या. फोल्डरचं नाव तेच, पण आतला कोड कोणत्या फांदीवरचा, ते बाहेरून कळत नाही. मग फांदीचं नाव प्रॉम्प्टमध्ये आलं. शॉन पियर्स यांनी २००६-०७ मध्ये त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट आजही गिटसोबत मिळते. पियर्स २०१८ मध्ये गेले, पण असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या कामातून आलेली ती कंसातली फांदी अजून उमटते.

डॉसच्या फ्लॉपीचं दुखणं इथे परत भेटतं. फांदीत न साठवलेले बदल आहेत का हेही दाखवायचं ठरवलं, तर दर प्रॉम्प्टला सगळ्या फाइली तपासाव्या लागतात. मोठ्या प्रकल्पात एंटर मारल्यावर प्रॉम्प्ट यायला चक्क वाट बघावी लागते. आणखी एक धडा २०१४ मधला. या स्क्रिप्टच्या एका प्रकारात फांदीचं नाव प्रॉम्प्टमध्ये ज्या पद्धतीने घातलं जाई ती असुरक्षित निघाली. फांदीच्या नावातच कुणी कमांड लपवली तर ती चालू शकत होती. गिटने ती दुरुस्त केली. सावध करायला बसवलेली ओळच चोरवाट ठरू शकते.

तोवर सजावटीची लाट आली होती. झी-शेल १९९० मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल फॉल्स्टॅड या विद्यार्थ्याने लिहिला. तिथले एक शिकवणारे, झोंग शाओ, यांचं लॉगिन ‘झेडएसएच’ होतं, ते त्याला शेलला शोभेलसं वाटलं. २००९ मध्ये रॉबी रसेल यांनी सहकाऱ्यांना झी-शेल वापरायला सोपा जावा म्हणून ‘ओह माय झी-शेल’ हा संच बांधला. त्यात शंभराहून जास्त थीम जमा झाल्या. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर बॅशऐवजी झी-शेल आणला आणि ही हौस आणखी पसरली.

माझा हिरवा बाण तिथलाच. त्याच्या मूळ थीममध्ये शेवटची कमांड फसली की बाण लाल होतो, म्हणजे तोही काही सांगत होता. मी ती थीम बदलता बदलता रंग बदलणारा भाग मोडून टाकला, कारण लाल रंग माझ्या वॉलपेपरशी जुळत नव्हता.

डीबी१ आणि डीबी२

माझ्या रात्रीनंतर दादांनी मला गिटलॅब या कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेला एक अहवाल वाचायला दिला. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्या दोन डेटाबेस सर्व्हरपैकी दुसरा, डीबी२, पहिल्याची नक्कल ठेवण्यात मागे पडला होता. रात्री उशिरा त्यांचा एक इंजिनिअर ते निस्तरत होता. डीबी२ वरचं डेटाचं फोल्डर पुसून नक्कल पुन्हा सुरू करायची असं त्याने ठरवलं. कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण डीबी१ वर आहोत. त्याने लगेच थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधले तर एकेक करून निकामी निघाले. रोजचा बॅकअप जुळत नसलेल्या आवृत्तीमुळे कधीपासूनच होत नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतले, त्यांच्या अंदाजाने ५,००० पर्यंत प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती परत आली नाहीत. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि अहवालात त्या इंजिनिअरचं नाव लिहिलं नाही.

पुढे काय बदलायचं याच्या यादीत बॅकअपच्या मोठमोठ्या कामांसोबत एक बारकंसं काम होतं: सगळ्या मशीनवरचा पीएस१ बदलणे, म्हणजे कोणतं मशीन आणि कोणतं वातावरण ते स्पष्ट कळेल. त्या वेळच्या टिपणांत प्रोडक्शनला लाल आणि स्टेजिंगला पिवळा रंग द्यावा, मशीनचं नाव पूर्ण दाखवावं, अशाही सूचना होत्या. ते वाचताना मी जागीच थबकले. एवढी मोठी कंपनी, एवढे अनुभवी लोक, आणि उपाय तोच, जो मला पहाटे तीन वाजता दादांनी सांगितला होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. लाल प्रॉम्प्टने त्या रात्री गिटलॅब वाचलं असतंच असं म्हणता येत नाही, आणि मी वाचले असतेच असंही नाही. प्रॉम्प्ट ही नुसती अक्षरांची ओळ आहे, ती कुणाचा हात धरत नाही. माझी खरी चूक फोल्डर पुसण्याआधी न बघणं ही होती, आणि टीमची खरी चूक दुपारी दोननंतर बॅकअप न घेणं ही. शिवाय दिवसभर लाल रंग बघत राहिलं की लाल दिसेनासा होतो, रोजच्या रस्त्यावरची ‘पुढे वळण आहे’ ही पाटी दिसेनाशी होते तसा. प्रॉम्प्टमध्ये वेळ, बॅटरी, हवामान, सगळंच कोंबलं तर नेमकं हवं ते नाव त्या गर्दीत हरवणार. कॉलेजात मी तेही करून पाहिलंय.

म्हणून आता माझ्या लॅपटॉपवरचा प्रॉम्प्ट अगदी साधा आहे, बिनरंगी. टेस्टिंगवर पिवळा. प्रोडक्शनवर लाल, मशीनच्या पूर्ण नावासह, आणि तिथे मुद्दाम दोन ओळींचा, म्हणजे तो अडवणुकीसारखा वाटावा. विजेचं चिन्ह गेलं. गेल्या महिन्यात टीममध्ये नवा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याने कौतुकाने आपलं टर्मिनल दाखवलं: कडेला चंद्र, मधे रॉकेट, फांदीचं नाव जांभळ्यात. खरंच सुंदर होतं.

मी म्हटलं, “भारी आहे रे. आता यातून प्रोडक्शनवर जाऊन दाखव, आणि मला सांग, तू कुठे आहेस.”

तो सर्व्हरवर गेला. चंद्र तिथेही होता. त्याने दोन सेकंद पडद्याकडे बघितलं, आणि न सांगताच सेटिंगची फाइल उघडली.